सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर पदवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. मला हे शिक्षण घेता येईल का?

येईल. वर्गात डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य आणि औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर असतात, तसेच समाजकार्य, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, पर्यावरणशास्त्र, पत्रकारिता अशा शाखांतून आलेलेही असतात. हे शिक्षण रोग्यावर उपचार करायला शिकवत नाही. लोकसमूह आजारी का पडतो, त्यातला कोणता गट जास्त पडतो आणि ते टाळायला व्यवस्थेत काय बदलावं लागेल, हा त्याचा विषय आहे. ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्याचं पाच वर्षांचं विशेषज्ञ-प्रशिक्षणही वैद्यकाबाहेरच्या उमेदवारांना खुलं आहे.

मात्र ही पदवी घेतल्याने कुणी डॉक्टर होत नाही. औषध लिहून देण्याचा हक्क तिच्यासोबत येत नाही. आणि एखाद्या देशात विशिष्ट सरकारी पदासाठी वैद्यकीय पदवीची अट असेल, तर या पदवीमुळे ती शिथिल होत नाही. अशा पदावर डोळा असेल तर अर्ज करण्याआधी त्या पदाचे सेवाप्रवेश नियम वाचा.

एमपीएच, एमएसपीएच, एमएससी, एमएचए... इतकी नावं कशाला?

यामागे शंभर वर्षांपूर्वीचा एक वाद आहे. 1915 साली अमेरिकेत विल्यम वेल्च आणि विक्लिफ रोझ यांनी रॉकफेलर प्रतिष्ठानासाठी सार्वजनिक आरोग्याच्या स्वतंत्र शाळेचा अहवाल तयार केला. रोझ यांना गावोगावी काम करणारे प्रशिक्षित अधिकारी घडवायचे होते. वेल्च यांना प्रयोगशाळा आणि संशोधन केंद्रस्थानी हवं होतं. 1916 मध्ये स्थापन होऊन 1918 मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या शाळेत वेल्च यांचं पारडं जड राहिलं. पण वाद मिटला नाही. आजच्या पदव्यांची दोन घराणी त्याच वादातून चालत आली आहेत.

मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ म्हणजे एमपीएच ही व्यावसायिक पदवी. विषयांचा पसारा मोठा, क्षेत्रकार्य सहसा सक्तीचं आणि शेवटी प्रबंधाऐवजी बरेचदा प्रकल्प. मास्टर ऑफ सायन्स किंवा एमएससी ही विद्याशाखीय पदवी. साथरोगशास्त्र किंवा जैवसांख्यिकी असा एकच विषय खोलात घ्यायचा आणि प्रबंध लिहायचा. एमएसपीएच म्हणजे मास्टर ऑफ सायन्स इन पब्लिक हेल्थ या दोन्हींच्या मध्ये बसते आणि तिचा अर्थ प्रत्येक विद्यापीठात थोडा वेगळा असतो. एमएचए ही आरोग्यसेवेच्या प्रशासनाची पदवी आहे. रुग्णालय किंवा आरोग्यसंस्था चालवायची असेल तर ती घ्यावी. लसीकरण मोहीम किंवा साथनियंत्रण करायचं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही.

नावावर फार भिस्त ठेवू नका. ब्रिटनमधली ‘एमएससी सार्वजनिक आरोग्य’ ही पदवी मजकुराने एमपीएचच्या इतकी जवळ असते की फरक शोधावा लागतो. उलट, एमपीएच याच नावाखाली दोन विद्यापीठं अगदी वेगळ्या गोष्टी शिकवताना दिसतील. सक्तीच्या विषयांची यादी उघडून पाहा. खरी माहिती तिथे असते.

अभ्यासक्रमात नेमकं काय शिकवतात?

परंपरेने पाच विषय: साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, पर्यावरणीय आरोग्य, आरोग्य धोरण व व्यवस्थापन आणि सामाजिक-वर्तनविषयक शास्त्रं. अमेरिकेत मान्यता देणाऱ्या सीईपीएच या परिषदेने 2016 मध्ये हा पाच कप्प्यांचा साचा बाजूला ठेवला आणि विद्यार्थ्याला काय ‘करता’ यायला हवं अशा 22 क्षमतांची यादी आणली. आकडेवारीचा अर्थ लावणं, कार्यक्रमाचं अंदाजपत्रक समजून घेणं, धोरणाचं मूल्यमापन करणं, वेगवेगळ्या लोकांना समजेल असं लिहिणं-बोलणं वगैरे. बदल चांगला होता. पण शाळांनी जुन्या विषयांनाच नव्या क्षमतांची लेबलं चिकटवल्याचंही दिसतं, तेव्हा माहितीपत्रकातल्या क्रियापदांनी भारावून जाऊ नका.

माझं गणित कच्चं आहे. निभेल का?

बहुतेकांचं निभतं. कलनशास्त्राची म्हणजे कॅल्क्युलसची गरज जैवसांख्यिकीत विशेष शिक्षण घेणाऱ्यांनाच पडते. बाकीच्यांना गुणोत्तर, टक्केवारी, संभाव्यता आणि आकड्यांवर संशय घेण्याची सवय पुरते.

नमुन्यादाखल एक गणित करून पाहा. एखादा आजार 100 पैकी 1 जणाला आहे. त्याची चाचणी आजारी माणसांपैकी 95 टक्के जणांना बरोबर पकडते आणि निरोगी माणसांपैकी 95 टक्के जणांना बरोबर ‘निरोगी’ ठरवते. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तुम्हाला आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक जण चटकन 95 टक्के म्हणतात.

आता 10,000 लोक घ्या. त्यांत 100 आजारी. त्यांपैकी 95 जण पॉझिटिव्ह येतील. उरलेले 9,900 निरोगी, पण त्यांतल्या 5 टक्क्यांची म्हणजे 495 जणांची चाचणीही चुकून पॉझिटिव्ह येईल. एकूण पॉझिटिव्ह 590, त्यांत खरे आजारी 95. म्हणजे शक्यता साधारण 16 टक्के. सगळ्या लोकसंख्येची सरसकट तपासणी करा अशी मागणी कुणी केली की सार्वजनिक आरोग्यवाले आधी कपाळाला आठ्या का घालतात, ते या हिशेबात आहे.

हे वाचताना कंटाळा आला नसेल, उलट ‘आजार 10 टक्के लोकांना असता तर?’ असा प्रश्न पडला असेल, तर संख्याशास्त्राची भीती बाळगू नका. कंटाळा आला असेल तर धोरण किंवा आरोग्य संवर्धनाकडे वळता येईल. तरीही पहिल्या सत्रात हे विषय करावेच लागतात, त्यांना बगल देता येत नाही. सोबत आर, स्टेटा किंवा एसएएस यांपैकी एखादं सॉफ्टवेअर शिकवतात. आर मोफत आहे. प्रवेशाच्या आधीच त्याच्याशी ओळख करून घेतलीत तर पहिले दोन महिने हलके जातात.

शाखा कोणती निवडावी?

लोकप्रियता पाहून निवडू नका, जाहिराती पाहून निवडा. म्हणजे नोकरीच्या जाहिराती. पाच वर्षांनी ज्या खुर्चीत बसायला आवडेल तशा दहा-पंधरा जाहिराती गोळा करा आणि त्यांत मागितलेली कौशल्यं अधोरेखित करा. सर्वेक्षणाची रचना आणि विदा (डेटा) विश्लेषण पुन्हा पुन्हा येत असेल तर साथरोगशास्त्र. निधी, भागीदारी, अहवाल, देखरेख व मूल्यमापन येत असेल तर धोरण किंवा जागतिक आरोग्य.

आरोग्य शिक्षण व संवर्धन या शाखेला लोक हलकं समजतात, तो अन्याय आहे. पत्रकं छापणं आणि पथनाट्य बसवणं एवढ्यावर ती थांबत नाही. लोक सल्ला का मानत नाहीत याचे सिद्धांत, गरजांचं मोजमाप, कार्यक्रमाची आखणी आणि त्याचा परिणाम झाला की नाही हे तपासणं असं तिचं काम आहे. ‘लोकांना माहिती नाही म्हणून ते असं वागतात’ हे गृहीतक पहिल्याच सत्रात मोडीत निघतं. सिगारेट ओढणाऱ्याला धोका माहीत असतोच. अमेरिकेत या शाखेसाठी सीएचईएस आणि अनुभवी लोकांसाठी एमसीएचईएस अशी स्वतंत्र प्रमाणपत्रं आहेत. ती हवी असतील तर आरोग्य शिक्षणाच्या विषयांचे ठरावीक क्रेडिट लागतात. ते तुमच्या अभ्यासक्रमात बसतात का, हे प्रवेशाआधी विचारा.

एका वर्षाची पदवी दोन वर्षांच्या पदवीपेक्षा कमी दर्जाची असते का?

वर्षं मोजू नका, तास मोजा. ब्रिटनमधल्या पदव्युत्तर पदवीला 180 क्रेडिट लागतात आणि एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे साधारण 10 तास धरतात. एकूण 1,800 तास. सीईपीएचच्या निकषाप्रमाणे एमपीएचला किमान 42 सत्र-क्रेडिट लागतात. एका क्रेडिटमागे वर्गातले सुमारे 15 आणि वर्गाबाहेरचे सुमारे 30 तास धरले तर 1,890 तास होतात. युरोपीय पद्धतीत 60 क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ अभ्यासाचं एक वर्ष, आणि एका क्रेडिटला 25 ते 30 तास.

म्हणजे ब्रिटनमधलं सलग बारा महिन्यांचं वर्ष आणि अमेरिकेतली उन्हाळ्याच्या सुट्ट्यांसह दोन वर्षं यांत अभ्यास जवळपास तेवढाच असतो. फरक दमछाकीचा आणि मधल्या मोकळ्या वेळेचा. दोन वर्षांच्या रचनेत मधल्या उन्हाळ्यात क्षेत्रकार्य नीट करता येतं आणि त्यातूनच नोकरी लागण्याची उदाहरणं भरपूर आहेत. एका वर्षात हे सगळं चेंगरतं. आधीच आरोग्यक्षेत्रात काही वर्षं काम केलेल्याला एक वर्ष पुरतं. कोरी पाटी घेऊन येणाऱ्याने शक्य असेल तर दोन वर्षं घ्यावीत असं माझं मत आहे.

आणखी एक फसगत टाळा. काही अमेरिकी शाळा वर्षाचे दोन नव्हे तर चार भाग करतात आणि त्यांचे क्रेडिट वेगळ्या मापाचे असतात. जॉन्स हॉपकिन्सच्या एमपीएचचे 80 क्रेडिट म्हणजे दुसरीकडच्या 42 च्या दुप्पट अभ्यास नव्हे.

नोकरी सांभाळून किती दिवसांत होईल?

वरचेच 1,800 तास घ्या. आठवड्याला 15 तास देता आले तर 120 आठवडे. 12 तास दिले तर 150. सुट्ट्या, आजारपण, घरातली लग्नकार्यं, वर्षअखेरीची कामं धरली की अडीच ते साडेतीन वर्षं. माहितीपत्रकात ‘लवचिक’ लिहिलेलं असतं, ते खरंही असतं. पण लवचिकता तास कमी करत नाही.

अर्ज करण्याआधी महिनाभर आठवड्याचे 12 तास कोणत्यातरी मोफत ऑनलाइन कोर्ससाठी काढून पाहा. रात्री दहानंतरचे तास धरू नका. त्या वेळात माणूस वाचतो, पण संख्याशास्त्राचा गृहपाठ करत नाही.

ऑनलाइन पदवीला किंमत आहे का?

दूरस्थ शिक्षण ही काही कालपरवाची टूम नाही. लंडन विद्यापीठ 1858 पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू देतं आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन 1998 पासून दूरस्थ पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतं. सीईपीएच ऑनलाइन आणि प्रत्यक्ष वर्गातल्या एमपीएचला एकच निकष लावते. बऱ्याच विद्यापीठांच्या प्रमाणपत्रावर ‘ऑनलाइन’ असा शब्दही नसतो.

तरी दोन बाबतींत जपून. पहिली, काही देशांतल्या सरकारी भरतीत किंवा परदेशी पदवीची समकक्षता ठरवताना दूरस्थ पदवीला वेगळे नियम लागतात. तुम्ही जिथे नोकरी करणार तिथल्या समकक्षता देणाऱ्या यंत्रणेकडून लेखी उत्तर घ्या. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाने फोनवर दिलेला दिलासा पुढे कामाला येत नाही.

दुसरी, ‘ऑनलाइन’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिल्या प्रकारात तास थेट होतात आणि ठरलेल्या वेळी हजर राहावं लागतं. विद्यापीठ दुसऱ्या खंडात असेल तर मध्यरात्री. दुसऱ्यात व्याख्यानं आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेली, पण गृहपाठाची तारीख दर आठवड्याला ठरलेली. तिसऱ्यात सगळंच तुमच्या गतीवर, मुदत पाच वर्षांपर्यंत. तिसरा प्रकार ऐकायला सर्वांत सोयीचा वाटतो आणि माणसं मध्येच सुटतात तीही तिथेच, कारण मागे लागायला कुणी नसतं. स्वतःला शिस्त लावणं जमत नसेल तर दुसरा प्रकार घ्या.

हायब्रिड अभ्यासक्रमात अभ्यास घरून आणि वर्षातून एक-दोन वेळा आठवडा-दोन आठवडे प्रत्यक्ष वर्ग. ओळखी त्या आठवड्यांत होतात. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च शुल्कात धरलाय का ते पाहा, सहसा नसतो.

ऑनलाइन शिकणाऱ्याने क्षेत्रकार्य कुठे करायचं?

जिथे राहता तिथेच, स्थानिक आरोग्य विभाग, स्वयंसेवी संस्था किंवा रुग्णालयात. जागा शोधायची कुणी, हा कळीचा प्रश्न. काही शाळांत त्यासाठी स्वतंत्र कर्मचारी असतात, तर काही ठिकाणी विद्यार्थ्याच्या हाती फक्त अर्जाचा नमुना देतात. सीईपीएच तासांचा आग्रह धरत नाही. संस्थेला उपयोगी पडतील अशी किमान दोन कामं, उदाहरणार्थ सर्वेक्षणाचा अहवाल किंवा प्रशिक्षणाचं साहित्य, पूर्ण करून दाखवायची असतात. तासांचे आकडे शाळा स्वतः ठरवतात. स्वतःच्याच कार्यालयात क्षेत्रकार्य करायला बहुतेकदा परवानगी मिळते, पण काम रोजच्या जबाबदारीपेक्षा वेगळं हवं.

शाळेची मान्यता कशी तपासायची?

मान्यतेचे दोन थर असतात. विद्यापीठाला त्या देशाच्या यंत्रणेची मान्यता हवी. ती नसेल तर पुढे बघूच नका. त्यानंतर विषयाची व्यावसायिक मान्यता. अमेरिकेत 1974 पासून सीईपीएच हे काम करते आणि मेक्सिको, लेबनॉन अशा देशांतल्या काही संस्थांनीही तिची मान्यता घेतली आहे. युरोपात एपीएचईए ही संस्था आहे.

सीईपीएचची मान्यता नाही म्हणून शाळा वाईट ठरत नाही. जगातल्या कितीतरी नामवंत शाळांना तिची गरजच वाटत नाही. पण अमेरिकेत नोकरी करायची असेल किंवा तिथली सीपीएच ही सार्वजनिक आरोग्य व्यावसायिकांची प्रमाणन परीक्षा द्यायची असेल तर मान्यतेमुळे वाट सोपी होते. तपासणी मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरच करा. ‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ आणि ‘मान्यता आहे’ यांत फार अंतर असतं.

दुहेरी पदवीचा फायदा आहे का?

वैद्यक, कायदा, समाजकार्य किंवा व्यवस्थापन यांच्यासोबत एमपीएच घेता येते. दोन्हीकडचे काही क्रेडिट सामाईक धरल्यामुळे साधारण वर्षभर वाचतं. दोन्ही पदव्या लागतील असं काम डोळ्यांसमोर असेल तरच घ्या. प्रोफाइल भरगच्च दिसावी म्हणून घेतलेली दुसरी पदवी फक्त कर्ज वाढवते.

पीएचडी करू की डीआरपीएच?

नवं ज्ञान निर्माण करायचं आणि विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत राहायचं तर पीएचडी. संस्था, कार्यक्रम किंवा आरोग्य विभागाचं नेतृत्व करायचं तर डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ म्हणजे डीआरपीएच. डीआरपीएचला बहुधा काही वर्षांचा कामाचा अनुभव मागतात आणि नोकरी सांभाळून ती करण्याची सोय अधिक ठिकाणी असते. पूर्णवेळ पीएचडीला अनेक ठिकाणी विद्यावेतन मिळतं, डीआरपीएचचं शुल्क मात्र बरेचदा स्वतः भरावं लागतं. हा फरक माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर नसतो.

खर्चाचं काय?

ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीचा खर्च मिळतो. त्यासाठी कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. राष्ट्रकुलातल्या विकसनशील देशांसाठी दूरस्थ अभ्यासक्रमांच्या वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. युरोपात इरॅस्मस मुंडस योजनेत सार्वजनिक आरोग्याचा संयुक्त अभ्यासक्रम आहे. शिष्यवृत्तीच्या तारखा विद्यापीठाच्या तारखांच्या आधी येऊन जातात, म्हणून शोध तिथूनच सुरू करा. जागतिक आरोग्य संघटनेत नोकरी लागेल या हिशेबावर मोठं कर्ज काढू नका. तिथल्या जागा मोजक्या आणि अर्ज जगभरातून.

पदवी न घेता या क्षेत्रात येता येतं का?

येतं. अमेरिकेत 1951 साली अलेक्झांडर लँगम्युअर यांनी साथरोग गुप्तवार्ता सेवा म्हणजे ईआयएस हे साथींच्या तपासाचं प्रशिक्षण सुरू केलं. दोन वर्षं, आणि शिकणं जवळपास सगळं कामातूनच. त्याच धर्तीवर अनेक देशांत क्षेत्रीय साथरोगशास्त्राचं प्रशिक्षण चालतं. थायलंडमध्ये ते 1980 पासून आहे. आरोग्य खात्यात आधीच असलेल्यांसाठी हा मार्ग कित्येकदा पदवीपेक्षा सरस, कारण खऱ्या उद्रेकाच्या तपासाचा अनुभव वर्गात मिळत नाही. इतरांसाठी पदव्युत्तर प्रमाणपत्र हा मधला पर्याय. विषय आवडतो का हे त्यातून कळतं. ते क्रेडिट पुढे त्याच विद्यापीठाच्या पदवीत धरले जातील का, हे आधीच विचारून ठेवा.

प्रवेशअर्जासोबतच्या मनोगत-पत्रात काय लिहावं?

‘मला लहानपणापासून लोकांची सेवा करायची होती’ हे वाक्य निवड समितीने हजारदा वाचलेलं असतं. त्याऐवजी तुम्ही जवळून पाहिलेला आरोग्याचा एक प्रश्न घ्या, तो का सुटत नाही याबद्दल तुमचा अंदाज लिहा आणि तो तपासायला काय शिकावं लागेल ते सांगा. एका प्राध्यापकाचं किंवा एका विषयाचं नाव त्यात खरोखर कारणाने आलं तर उत्तम. यादी नको. जीआरई या प्रवेश परीक्षेची अट अनेक शाळांनी काढून टाकली आहे. तुमच्या शाखेला ती लागू आहे का तेवढं पाहा.

मध्येच थांबावं लागलं तर?

ब्रिटनच्या रचनेत 60 क्रेडिट पुरे झाले की पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि 120 पुरे झाले की पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. अमेरिकेत अशी सोय सरसकट नाही, पण सत्रभराची रजा बहुधा मिळते. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी तीन गोष्टी ईमेलवर विचारून घ्या: रजा जास्तीत जास्त किती काळ मिळते, रजेत शुल्क भरावं लागतं का, आणि मिळवलेले क्रेडिट किती वर्षांनी बाद होतात. व्हिसावर शिकत असाल तर चौथी गोष्टही विचारा, कारण रजा घेतल्यावर त्या देशात राहण्याची परवानगी संपू शकते.